चांदीची फिल्म करताय? आधी अभ्रक नीट सोला

सांगलीत एमएस्सीच्या प्रोजेक्टला थिन फिल्म, म्हणजे धातूचा अतिपातळ थर, घेतलेल्या पोरांचं सगळं लक्ष चांदीवर असतं. विटा-खानापूरची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पोचलीत, चांदी किती टंच हे आपल्याकडं लगेच विचारतात, पण फिल्ममधले अणू कसे बसणार हे खालचा क्रिस्टल ठरवतो.

काचेवर चांदी टाकली की कण वाट्टेल तिकडं तोंड करून बसतात, काचेत अणूंची शिस्तच नसते ना. अभ्रकाच्या तोंडावर षटकोनी मांडणी असते, म्हणून चांदीचा १११ थर, म्हणजे गाड्यावर एका मोसंबीभोवती सहा रचतात तसला दाट थर, त्याला समांतर बसतो.

तुकड्यावर चिकटपट्टी दाबून लावायची आणि एका दमात ओढायची. पापुद्रा अख्खा निघाला तर तोंड चांगलं, अर्धवट फाटला तर परत ओढा, कंटाळू नका. सोलल्या सोलल्या, हवा काढून चांदी बसवतात त्या चेंबरमध्ये टाका. मी एकदा पावसाळ्यात आदल्या रात्री सोलून ठेवलेला, त्यानं रात्रभर दमट हवा धरली आणि सगळी फिल्म वाया गेली.

व्हॅक्युम निदान १० चा उणे ६ वा घात टॉर (दाबाचं माप) पाहिजेच, तेवढ्यातसुद्धा सेकंदाला साधारण एक थर होईल एवढे गॅसचे रेणू येऊन आदळतात. अभ्रक आतच २५० ते ३०० सेल्सिअसला तास-दोन तास तापू द्या, मग त्याच तापमानाला चांदी सेकंदाला एक-दोन अँगस्ट्रॉमनं (नॅनोमीटरचा दहावा भाग), १०० नॅनोमीटरच्या पुढं जाईपर्यंत. चांदी अभ्रकापेक्षा चांदीलाच जास्त धरते, म्हणून सुरुवातीला सुटी बेटं होतात आणि ती जुळायला जाडी लागते. फार तापवलं तर गोळे होऊन फिल्म दुधाळ दिसते.

आता एक्सआरडी, म्हणजे एक्स-रे मारून अणूंची मांडणी बघायची. तांब्यातून एक्स-रे काढणाऱ्या कॉपर ट्यूबवर १११ चं पीक (ग्राफमधला उंचवटा) ३८.१ अंशाला येतं, २०० चं, म्हणजे दुसऱ्या दिशेच्या थरांचं, ४४.३ ला. ४५.४ च्या आसपास एक पीक दिसेल, ते बघून घाबरू नका, ते अभ्रकाचं स्वतःचं आहे, कोऱ्या अभ्रकाचा स्कॅन आधीच काढून ठेवला की लगेच ओळखता येतं. आणि फक्त १११ आलं म्हणून थांबू नका, कण एकमेकांच्या तुलनेत गोल फिरलेले असले तरी ते तसंच दिसतं. सॅम्पल ७०.५ अंशांनी कलवून फाय स्कॅन घ्या, म्हणजे सॅम्पल जागेवरच गोल फिरवत मोजा. तीन पीकं आली तर सगळे कण एकाच दिशेला, सहा आली तर ट्विन, म्हणजे आरशातल्यासारखे उलटे बसलेले कण, आहेत, अभ्रकावर बहुतेक सहाच येतात. नुसतीच सपाट रेघ आली तर परत चिकटपट्टीपासून सुरू करा.