जुन्या सरपंचाचं कार्यचरित्र लिहायचंय? आधी दप्तर, मग मुलाखत

वीस-पंचवीस वर्षं सरपंचपद सांभाळलेल्या माणसाच्या पंचाहत्तरीला गौरव अंक निघतो आणि त्यात हमखास 'गावात रस्ते, पाणी, वीज आणली' एवढंच छापून येतं. कारण लिहिणारा थेट मुलाखतीला बसतो. माणसाला कामं आठवतात, सालं आठवत नाहीत. म्हणून आधी ग्रामपंचायतीचं दप्तर चाळा.

सुरुवात सरपंचपदाच्या मुदतींच्या तक्त्यापासून. मुदत पाच वर्षांची, पण ती मतदानाच्या दिवसापासून नाही, पहिल्या सभेपासून मोजतात. 2017 पर्यंत सरपंच सदस्यांमधूनच, अध्यासी अधिकाऱ्यापुढे (निवडीची सभा चालवणारा अधिकारी) निवडला जाई. 2017 ला गावाच्या मतदानातून थेट निवड आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली. तेव्हा 'बिनविरोध निवडून आले' असं लिहिण्याआधी बघा: सदस्य म्हणून बिनविरोध, की सरपंच म्हणून?

तक्त्यातल्या फटीही भरा. कधी प्रशासक असतो (2020 मध्ये कोरोनामुळे निवडणुका लांबल्या तेव्हा हजारो गावांत होता), कधी अविश्वास ठरावानंतर उपसरपंचाकडे कारभार जातो. आणि सर्वांत मोठी चूक आरक्षणाच्या मुदतीत होते. पद महिलेसाठी राखीव झालं, पत्नी किंवा सून सरपंच झाली, गाव मात्र यांनाच 'सरपंच' म्हणत राहिलं. ती पाच वर्षं यांच्या नावावर घालू नका. सही तिची आहे, नाव तिचंच लिहा. घरचे कुरकुरतील, कुरकुरू द्या.

दप्तर बघायला साधा अर्ज पुरतो, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) ओळखीचे असतील तर तेवढाही लागत नाही. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकारात अर्ज करा: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. 'सर्व कागदपत्रं द्या' असं लिहिलं की अर्ज अडकलाच. 'अमुक ते अमुक सालातील मासिक सभेच्या प्रोसिडिंग बुकांचं अवलोकन' असं मागा (प्रोसिडिंग बुक म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही). आधी नुसतं बघून घ्या आणि हवी तेवढीच पानं निवडा. प्रतीला पानामागे 2 रुपये पडतात. उत्तराची मुदत 30 दिवस.

प्रोसिडिंग वाचायची एक रीत आहे. विषय क्रमांक 1 म्हणजे 'मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे'. तो सोडून द्या. खालच्या विषयांत ठरावाचा क्रमांक, सूचक आणि अनुमोदक टिपा. दोन-तीन वर्षांची पानं उलटली की सरपंचाच्या बाजूने कायम कोण उभं होतं ते आपोआप दिसतं. 'सर्वानुमते मंजूर' यावर फार भिस्त ठेवू नका, ते सवयीनेही लिहिलं जातं. हजेरीच्या सह्या आणि अंगठे मोजा. विरोधी गट सभेलाच नसेल तर 'सर्वानुमते'चा अर्थ वेगळा. खरा मसाला शेवटी असतो, 'आयत्या वेळच्या विषयां'त. गावठाणातलं अतिक्रमण, नळ तोडण्याच्या नोटिसा, पाण्याच्या पाळ्या बहुधा तिथेच सापडतात.

कामांच्या तारखा कोनशिलेवरून घेऊ नका. तिच्यावर भूमिपूजनाची किंवा लोकार्पणाची तारीख असते, म्हणजे पाहुण्याच्या सवडीची. कार्यारंभ आदेश आणि पूर्णत्वाचा दाखला बघा. मोजमाप पुस्तिकेत खडी-मुरूम ब्रासमध्ये असेल तर 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. रकमा जशा होत्या तशाच लिहा. 1990 च्या दोन लाखांचे आजचे भाव काढत बसलात की वाद सुरू.

कागद वाळवीने खाल्ले असतील तर योजनेच्या नावावरून साल पकडा. 'जवाहर योजनेतून खोल्या बांधल्या' म्हणजे 1989 नंतर. गाडगेबाबा स्वच्छता अभियान 2000-01 पासून, तंटामुक्ती 2007 पासून, जलयुक्त शिवार 2014 च्या डिसेंबरपासून. यातलं एखादं नाव त्याआधीच्या कामाला चिकटलं असेल तर आठवण सरकली आहे.

जन्मतारीख 1 जून दिसली तर जरा थांबा. शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी बहुधा तीच टाकत. दाखल्यावरची तारीख छापा, पण 'शाळेच्या नोंदीनुसार' असं म्हणा.

आता मुलाखत. तक्ता आणि ठरावांची यादी समोर ठेवा. 'गावासाठी काय केलं?' असं विचारलंत तर भाषण मिळेल. त्याऐवजी विचारा: 'आप्पा, स्मशानभूमीच्या जागेचा ठराव तीन सभा पुढे ढकलला गेला, अडवत कोण होतं?' एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त बसवू नका, वय बघा. घरातली गर्दी टाळा, मुलगा शेजारी असला की म्हातारा जपून बोलतो. नंतर विरोधी पॅनेलचा एक जुना सदस्य आणि पंचायतीचा निवृत्त शिपाई गाठा. पाण्याचा व्हॉल्व्ह कुणाच्या आळीला आधी सुटायचा, हे शिपायाइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

तक्रारी, चौकशा असतील तर त्या वगळू नका, पण ऐकीव लिहू नका. आदेशाचा क्रमांक, तारीख आणि निकाल, बास. छपाईआधी कच्चा मजकूर त्यांना दाखवा, नावं आणि नाती तपासायला. ठरावांचा मजकूर मात्र बदलून मागितला तर दप्तरातली प्रत पुढे करा.