गाडीच्या काळ्या प्लास्टिक-रबरावरचे पाण्याचे पांढरे डाग कसे काढायचे

आपल्या कोल्हापुरात उपनगरातल्या बऱ्याच घरांत आणि अपार्टमेंटमध्ये गाडी बोअरच्या पाण्यानंच धुतली जाते आणि ते पाणी जड असतं, डाळ लवकर शिजत नाही, नळाच्या तोटीवर पांढरं साठतं तेच पाणी. तेच गाडीवर सुकलं की बंपर, चाकावरची काळी क्लॅडिंग, वायपरजवळचा प्लास्टिकचा पट्टा आणि काचेच्या रबरावर पांढरे गोल उमटतात. शांपूनं कितीही घासा, ओलं असताना गायब आणि वाळलं की परत हजर, कारण तो मळ नाहीच, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत, ते साबणाला दाद देत नाहीत, त्यांना सौम्य आंबटच लागतं.

आधी डाग ओळखा. गोल कडा असेल आणि नखाला खरखरीत लागलं तर पाण्याचा डाग. प्लास्टिक सगळीकडं सारखंच करडं पडलं असेल तर ते उन्हानं उडालंय, त्यावर हा उपाय चालणार नाही. आणि खाचांतच पांढरं अडकलं असेल तर बहुतेक बॉडीचं वॅक्स लागलंय, ते कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रशनं काढा.

आता काम. ऊन उतरल्यावर किंवा सकाळी लवकर करा, प्लास्टिकला हात लावला तर गार लागलं पाहिजे. पहिल्यांदा गाडी शांपूनं नीट धुवून घ्या, धुळीचे कण राहिले तर घासताना ओरखडे पडतात. मग किराणा दुकानात मिळणारं साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, निम्मंनिम्मं, स्प्रेच्या बाटलीत भरा. उभ्या पट्ट्यावर नुसतं मारलं तर लगेच ओघळून जातं, म्हणून जुन्या बनियनचं फडकं त्यात भिजवून डागावर चिकटवून ठेवा, दोन-तीन मिनिटं, वाळू मात्र द्यायचं नाही. फडकं काढलं की मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं गोल गोल फिरवा, खडबडीत प्लास्टिकच्या बारीक खड्ड्यांत क्षार बसलेला असतो तो असाच सुटतो. लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि पुसा. राहिला डाग तर परत एकदा तेच करा, पण व्हिनेगर जास्त घालू नका. रबराला मात्र एवढा वेळ ठेवायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, मिनिटभरात धुवायचं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, गाडी शहाबादी फरशीवर उभी असेल तर खाली व्हिनेगर सांडू देऊ नका. तो चुनखडीचाच दगड, म्हणजे डागात जे आहे तेच फरशीत, व्हिनेगर फरशीलाही खातं आणि चमक जाते. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड तर गाडीच्या आसपास आणूच नका, आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो.

डिझेलचा हात फिरवून काळं चकाचक करून देतात काही ठिकाणी, माझ्या गाडीलाही एकानं तसं करून दिलं होतं, चार दिवस मस्त दिसलं, नंतर त्यावर धूळ चिकटून चिकटून पट्टा आणखी वाईट झाला आणि दाराचं रबर फुगून मऊ पडलं. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, थिनर, यातलं काहीच रबराला लावू नका. डाग गेल्यावर वॉटर बेस ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिक-रबराला लावायचं पाण्यावर आधारित पॉलिश, मायक्रोफायबरच्या फडक्यावर घेऊन पातळ पुसा, म्हणजे पुढच्या वेळी पाणी तिथं बसून राहत नाही. टायर जिथं रस्त्याला टेकतो तिथं आणि ब्रेकच्या डिस्कवर ते लागता कामा नये, गाडी घसरते.

आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून त्यानं गाडी धुणारे खूप जण आहेत, पाणी वाचवतात म्हणून कौतुकच आहे, पण त्या पाण्यात क्षार उलट जास्त असतात. ते फरशी धुवायला वापरा. शेवटच्या पुसण्याला एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी धरा, त्यात क्षार जवळजवळ नसतातच, तांब्याभर पाण्यात फडकं भिजवून सगळे काळे पट्टे पुसून होतात. आणि गाडी धुतली की बॉडी पुसून थांबू नका, आरशाच्या खाली, दाराच्या हँडलमागं आणि काचेच्या रबरात पाणी लपून बसलेलं असतं, चारी दारं उघडून कोरडं फडकं बोटानं आत घालून फिरवा.