एत्येन देनरींची कारकीर्द कागदोपत्री कशी शोधावी

एत्येन देनरी (१९०३–१९७९) आधी इतिहास-भूगोलाचे अभ्यासक, मग राजदूत, शेवटी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे मुख्य प्रशासक. तीन पेशे, त्यामुळे कागदही तीन दप्तरांत विखुरलेले.

सुरुवात नावापासून करा. ‘गॅलिका’ या ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात फ्रेंच स्पेलिंगने नुसतं आडनाव टाकलंत तर नाटकांचा ढीग पुढ्यात येतो. तो अदोल्फ देनरी (१८११–१८९९), ज्यूल व्हर्नसोबत रंगभूमीसाठी लिहिणारा. त्याच्या घराण्याच्या नावाचं आशियाई कलेचं संग्रहालयही पॅरिसमध्ये आहे, आणि आपले देनरी लिहायचे तेही आशियावर! म्हणजे ‘आशिया’ शब्द जोडूनही घोळ सुटत नाही. आधी ग्रंथालयाच्या सूचीत जन्मसाल जुळणारी व्यक्तीची नोंद गाठा आणि तिथूनच पुस्तकांकडे जा.

त्या यादीत १९६४ नंतरच्या प्रदर्शनांचे कॅटलॉग दिसतील. त्यातली बहुतेक त्यांची पुस्तकं नव्हेत. प्रशासक म्हणून दोन पानांची प्रस्तावना लिहिली, एवढंच. नोंदीत ‘प्रस्तावनाकार’ आहे की ‘लेखक’, ते पाहिल्याशिवाय मोजू नका. खरं अभ्यासकाचं काम म्हणजे १९३० चं ‘फूल दाझी’ (‘आशियातले लोकसमुदाय’). उपशीर्षकातच जपानमधली लोकसंख्येची दाटी, चिनी विस्तार आणि भारतीय स्थलांतर आहे. ते गॅलिकावर सापडलं नाही तर सूचीला दोष देऊ नका: फ्रान्समध्ये स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे इथे २०४९ अखेरपर्यंत. १९३१ चा इंग्रजी अनुवाद जुन्या ग्रंथालयांत शोधून पाहा.

राजदूतपदांचा क्रम असा: वॉर्सा (१९५०), बर्न (१९५४), टोकियो (१९६१ ते ६४). तारखा पक्क्या करायला सरकारी राजपत्र, ‘जुर्नाल ऑफिसिएल’, पाहावं. १९४७ नंतरचे अंक ‘लेजिफ्रान्स’ या फ्रेंच कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावर आहेत. मात्र राजपत्रातली तारीख नेमणुकीची. प्रत्यक्ष रुजू होणं पुढे जातं, म्हणून दोन ठिकाणची सालं एकेका वर्षाने हुकतात.

राजदूताची पत्रं दोन जागी असतात. पॅरिसला पोचलेली परराष्ट्र मंत्रालयाची प्रत त्याच्या पॅरिसजवळच्या ला कुर्नव्ह इथल्या अभिलेखागारात; दूतावासाने ठेवलेली आणि पुढे मायदेशी आणलेली त्याच मंत्रालयाच्या नाँत शहरातल्या अभिलेखागारात. एकाच प्रकरणाची दोन्ही बाजूंनी फाइल मागवा. समासातले शेरे वेगवेगळे असतात, आणि शेऱ्यांतच खरी मजा. परराष्ट्र धोरणाला बाधक ठरतील असे कागद ५० वर्षं बंद राहतात, तीही फाइलमधल्या शेवटच्या कागदापासून. टोकियोच्या फाइलीत १९७० चं एखादं पत्र अडकलं असेल तर सगळी फाइल तेवढी उशिरा उघडते. ‘लेजिओं दनर’ सन्मानाच्या ‘लेओनोर’ डेटाबेसवर वेळ घालवू नका. त्यात १९७७ पूर्वी वारलेलेच आहेत.

ग्रंथालयाच्या पर्वात (१९६४–७५) त्यांच्याकडे दोन खुर्च्या होत्या: राष्ट्रीय ग्रंथालय, आणि शिक्षण मंत्रालयातलं ग्रंथालये व सार्वजनिक वाचन संचालनालय. नवखे फक्त पहिली शोधतात. दुसरीचे कागद पिएरफित-सुर-सेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, जुने ‘एफ १७’ या शिक्षण खात्याच्या मालिकेत, नंतरचे आठ आकडी दाखल-क्रमांकाखाली. त्यातले पहिले चार आकडे कागद कधी जमा झाले ते साल, लिहिले कधी ते नव्हे. १९७७ ने सुरू होणाऱ्या पेटीत १९६५ चं पत्र निघू शकतं.