बाक्स्टच्या धाटणीचं वेशभूषेचं स्केच कसं काढावं

रशियन चित्रकार आणि वेशभूषाकार लिऑन बाक्स्टची (१८६६–१९२४) ‘बॅले रुस’ या रशियन नृत्यमंडळीसाठीची स्केचं आज संग्रहालयांत काचेमागे लागलेली असतात, त्यामुळे आपण ती निव्वळ चित्रं म्हणून बघतो. पण ती कपडे शिवणाऱ्यांच्या हातात जायची. कित्येकांच्या कडेला पेन्सिलीने सूचना खरडलेल्या दिसतात. आपल्यालाही तसंच, शिवता येईल असं स्केच काढायचंय.

साहित्य: जाड जलरंगाचा कागद, पेन्सिल, जलरंग, थोडे पोस्टर कलर, सोनेरी रंगाची एक बाटली.

आधी पात्र नाचताना काढा, तेही कपड्यांशिवाय. हात सोडून सरळ उभी बाई काढलीत की दुकानातला पुतळा झालाच म्हणून समजा. बाक्स्टची माणसं कमरेत वळतात, गुडघा उचलतात, मान मागे टाकतात. कण्याची एकच वळणदार रेघ ओढा आणि तिच्यावर खांदे एका बाजूला, कंबर दुसऱ्या बाजूला कलती ठेवा. ही रेघ जमेपर्यंत पुढे जाऊ नका. माझा निम्मा वेळ इथेच जातो.

मग कापड. ते अंगाच्या मागून येतं. पात्र डावीकडे झेपावत असेल तर ओढणी, वेणी आणि झग्याचा घेर उजवीकडे उडेल.

रंग लावताना हात आखडू नका. ‘शेहेरजाद’ या बॅलेमध्ये (१९१०) बाक्स्टने हिरव्या-निळ्याला लाल-नारिंगी भिडवला आणि पॅरिसमधल्या बायकांच्या कपड्यांचे रंगही बदलले. आधी पातळ जलरंगाचे मोठे हात मारा, ते पूर्ण वाळू द्या, मगच पोस्टर कलरने नक्षी. ओल्यावर घाई केली की ठिपक्याचा डाग होतो. सोनेरी अगदी शेवटी, तोही जपून.

आता कागद भिंतीला लावून दहा-बारा पावलं मागे जा. जी नक्षी दिसेनाशी झाली ती काढून टाका किंवा दुप्पट मोठी करा.

अंग कुठे संपतं आणि कापड कुठे सुरू होतं, हेही स्पष्ट दाखवा. १९१२ च्या ‘निळा देव’ या बॅलेची गोष्ट कल्पनेतल्या भारतात घडते. त्यात देव झालेल्या नर्तक निजिन्स्कीच्या वेशाचं जे स्केच बाक्स्टने काढलं, त्यात देवाचं अंग निळं आहे, आपल्याला कृष्णच आठवावा असं. कागदावर निळा फासायला दोन मिनिटं लागतात. रंगमंचावर मात्र तो नर्तकाच्या अंगावर घामात टिकवायचा असतो. म्हणून बाण काढून लिहा: इथे अंगाला रंग, इथून कापड.

कडेला कापडाचं नाव, अस्तर, बंद कुठे आणि हुक कुठे तेही लिहा. जमलं तर कापडाचा तुकडा चिकटवा. आणि कोपऱ्यात छोटीशी पाठमोरी आकृती काढाच. शिंप्याचा पहिला फोन पाठीबद्दलच येतो.