स्किझोफ्रेनिया असलेल्या घराची मालिका लिहायची तर

रोजच्या मालिकेचा एक भाग साधारण २२ मिनिटांचा. आठवड्याला पाच-सहा भाग, आणि प्रत्येकाच्या शेवटी प्रेक्षकाला उद्यापर्यंत टांगून ठेवणारा हुक. स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, बिनबुडाचा संशय पक्का होणं असा लांबणारा मानसिक आजार, या वेळापत्रकात बसत नाही. औषध लागू पडायला आठवडे जातात, आजार उघडा पडायला महिने आणि घर सावरायला वर्षं. बहुतेक लेखक इथेच घसरतात. रोज हुक हवा म्हणून रोज आजारी माणसालाच काहीतरी करायला लावतात: सोमवारी भांडी भिरकावली, मंगळवारी गच्चीच्या कठड्यावर, बुधवारी वहिनीचा गळा धरला. पंधरा दिवसांत त्या पोराचं भूत होतं, आणि दोन महिन्यांत ट्रॅक गुंडाळावा लागतो, कारण आणखी चढवायला वरची पट्टीच उरत नाही.

तेव्हा वनलाईन (प्रसंगांचा थोडक्यातला आराखडा) लिहायला बसण्याआधी एवढं पक्कं करा: हुक घरच्यांच्या निर्णयावर टाकायचा, आजारी माणसाच्या झटक्यावर नाही. आधी डॉक्टर की आधी गावचा देवऋषी? नोकरी कोण सोडणार, आई की बहीण? बहिणीला बघायला आलेल्यांना सांगायचं की नाही? आजार तानपुऱ्यासारखा मागे वाजत राहू दे. गाणं घरच्यांनी गायचं.

आधी आजाराचं कॅलेंडर

पात्रांच्या आधी भिंतीवर आजाराची कालरेषा लावा. मुलग्यांमध्ये तो बहुधा अठरा ते पंचवीसच्या आसपास उघड होतो, मुलींमध्ये थोडा उशिरा. म्हणजे नेमका शेवटच्या वर्षाचा, पहिल्या नोकरीचा, स्थळं बघण्याचा काळ. संघर्ष आयता मिळतो, बाहेरून खलनायिका आणावी लागत नाही.

उघड होण्याआधी अनेकदा काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं नुसती पडझड चालू असते. झोप उलटी होते, आंघोळ टळते, मित्रांचे फोन वाजत राहतात, एटीकेटी लागते. हा टप्पा दोन भागांत उरकू नका, पंधरा-वीस भाग द्या. घरच्यांना वाटतं प्रेमभंग आहे, मोबाइल आहे, संगत वाईट आहे. प्रेक्षकाला मालिकेचा विषय माहीत असतो, घराला नसतो. या अंतरावर हे सगळे भाग उभे राहतात.

निदानाचा प्रसंग हमखास चुकतो. डॉक्टर रिपोर्ट हातात धरून, चष्मा काढून नाव उच्चारतात. असा रिपोर्टच नसतो. रक्ताच्या तपासण्या किंवा एमआरआय होतात ते दुसरी कारणं बाजूला काढायला: गांजा, थायरॉइड, फिट्सचा आजार. निदान होतं ते बोलण्यातून, निरीक्षणातून आणि काळ पाहून. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एका निकषात तर लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात. त्यामुळे पहिल्या भेटीत डॉक्टर बऱ्याचदा ‘सायकोसिस दिसतोय, औषध सुरू करू, बघू’ एवढंच म्हणतात; सायकोसिस म्हणजे वास्तवाशी नातं तुटण्याची अवस्था. आईला नाव हवं असतं आणि नाव मिळत नाही, हा प्रसंग त्या चष्म्यापेक्षा कितीतरी जड आहे.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत झोप आणि बेचैनी सुधारते. आवाज आणि संशय ओसरायला दोन ते सहा आठवडे, कधी जास्त. आणि मग सगळ्यात लांबचा टप्पा येतो, ज्याला मालिका हात लावत नाहीत: आवाज नाहीत, पण उत्साहही नाही. पोरगा दिवसभर पलंगावर. बोलणं एका शब्दाचं, चेहरा कोरा. हाही आजारच आहे, पण घर त्याला ‘आळस’ म्हणतं. खरी भांडणं इथे होतात.

गोळ्या बंद केल्या की दुसऱ्या दिवशी झटका दाखवायची घाई करू नका. आजार उलटायला सहसा काही आठवडे ते काही महिने लागतात. उलट सुरुवातीला तो ताजातवाना दिसतो: सुस्ती जाते, हाताचा कंप थांबतो, भूक आटोक्यात येते. घर खूश, शेजारी म्हणतात ‘बघा, सुधारला’. प्रेक्षकाने मात्र गोळ्या गादीखाली जाताना पाहिलेल्या असतात. दहा भागांचा ताण एकाही आरडाओरड्याशिवाय मिळतो.

आवाज

या आजारात भास बहुतेक करून कानाचे असतात. डोळ्यांचे त्यामानाने कमी. पडद्यावर मात्र हटकून एक काल्पनिक मित्र अवतरतो, चाळीस भाग सोबत जेवतो, आणि मग गौप्यस्फोट होतो. कॅमेऱ्याला सोयीचं, आजाराला सोडून.

आवाज लिहिताना लक्षात ठेवा की ते पुष्कळदा थेट बोलत नाहीत. त्याच्याबद्दल आपसांत बोलतात, त्याच्या हालचालींचं समालोचन करतात. ‘उठला. आता चहा मागेल.’ ‘मागेल कसला, घाबरलाय.’ हे इतकं सपाट लिहायचं. साउंडवाल्यांना सांगा, एको लावू नका. घुमणारा आवाज ऐकला की प्रेक्षकाच्या मनात भुताची मालिका सुरू होते. कोरडा, जवळचा, खोलीतल्या बोलण्याच्याच पातळीचा आवाज ठेवा आणि तो पंख्याच्या, मिक्सरच्या, पाण्याच्या पंपाच्या आवाजाखाली पेरा. पंप बंद झाला आणि आवाज राहिला, म्हणजे झालं.

दृश्य कोणाच्या नजरेतून आहे यावर आवाज ऐकवायचा की नाही ते ठरवा. आईच्या दृश्यात प्रेक्षकाला काही ऐकू येता कामा नये. तिथे फक्त उत्तर देण्याआधीचा विराम, कोपऱ्याकडे वळलेला कान, विनाकारण अर्धवट हसू, दिवसभर कानात इअरफोन. पुष्कळ लोक आवाज बुडवायला गाणी लावून ठेवतात.

संशयाचंही असंच. त्याचं एक पान वेगळं लिहून फाइलला लावा: कोण मागे लागलंय, कधीपासून, यालाच का, कोणत्या मार्गाने, पुरावा काय. सोसायटीचा सीसीटीव्ही, व्हॉट्सअॅप ग्रुप, दुधाची पिशवी, काकांनी केलेली करणी. मजकूर घराच्या आसपासचाच असतो. संवादलेखक बदलतात. पान नसेल तर जुलैमध्ये शेजारी मागे असतात आणि ऑगस्टमध्ये सीआयए.

संवाद: इथे वेळ घाला

संशोधक जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०-६० च्या दशकांत लंडनमध्ये एक गोष्ट टिपली: रुग्णालयातून घरी गेलेल्यांचा आजार पुन्हा उलटण्याचा घरातल्या बोलण्याच्या सुराशी संबंध आहे. व्हॉन आणि लेफ यांच्या १९७६ च्या अभ्यासात टोकणाऱ्या घरात आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर राहणं ही धोक्याची रेषा निघाली. पुढे चंदीगडच्या अभ्यासात भारतीय घरांमध्ये असा सूर लंडनच्या मानाने कमी आढळला. घर आजार निर्माण करत नाही, ती जुनी समजूत केव्हाच मोडीत निघाली. पण घराचा सूर आजाराला खतपाणी घालू शकतो.

त्या अभ्यासांत मोजलेल्या गोष्टींत टोमणे आणि राग होते, तशी अतिगुंतवणूकही होती: त्याच्यासाठी स्वतःला पुसून टाकणं, त्याचं प्रत्येक काम आपण करणं, एक क्षण नजरेआड न होऊ देणं. म्हणजे आपल्या मालिकांची आदर्श, सोशिक आई. पार्श्वसंगीत तिच्या बाजूने रडत असतं आणि ती मुलाचं बरं होणं अडवत असते. एवढं एक जमलं तरी मालिका वेगळी होईल.

नमुना म्हणून सकाळची गोळी. नेहमी लिहिलं जातं ते असं:

बाबा: घेतलीस का गोळी? की तेही आम्हीच सांगायचं?
आई: अहो, ओरडू नका त्याला. दे रे राजा, मी भरवते. तू काही करू नकोस.

बाबांचं वाक्य चुकलंय हे कोणालाही कळतं. आईचंही चुकलंय; पोरगा, आपला निखिल, चोवीस वर्षांचा आहे. सहा महिन्यांनी, हे घर थोडं शिकल्यावर:

आई: साडेआठ झाले रे.
निखिल: हं.
आई: पाणी ओट्यावर आहे. येताना दूध आणशील? अर्धा लिटर.
(ती जाते. दूध आणलं की नाही हे पुढच्या दृश्यात.)

एक काम, एक वाक्य, मोजमाप ठरलेलं. संशयाशी वाद नाही आणि होकारही नाही: ‘मला तसं दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय हे कळतंय’ एवढ्यावर थांबायचं.

चहात गोळी मिसळण्याचा प्रसंग कोणीतरी सुचवेलच. घरोघरी हे घडतंही. घ्या, पण किंमत दाखवा. ज्याला वाटतंय की अन्नात काहीतरी घालतात, त्याला एक दिवस कपाच्या तळाशी पांढरी भुकटी सापडते. आता त्याच्याकडे पुरावा आहे, आणि तो खरा आहे.

दिसणं, रुग्णालय, कायदा

औषधांवरचा माणूस म्हणजे शून्यात बघणारा पुतळा नव्हे. अभिनेत्याला नेमकं सांगा: काही औषधांनी चालताना हात हलत नाहीत, पावलं आखूड पडतात, बोटांना बारीक कंप येतो, पाय एका जागी ठरत नाहीत, लाळ येते. काहींनी वजन चांगलंच वाढतं. कपडेपटाला तीन महिन्यांनी दोन माप मोठे शर्ट लागतील. गोळीचं नाव आणि मात्रा पडद्यावर नको. आत्महत्येचा धोका या आजारात खरा आहे, पण तिची पद्धत दाखवू नका.

रुग्णालय लिहिताना २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा शेजारी ठेवा. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्याला बंदी आहे, साखळीने बांधण्यालाही. किंचाळणाऱ्या माणसाला धरून शॉक दिलात तर तुम्ही गुन्हा दाखवताय, मग तो गुन्हा म्हणूनच दाखवा. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याला दाखल करायला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (त्याच्या वतीने बोलायला कायद्याने ठरलेल्या माणसाचा) अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि असं दाखल ठेवण्याची पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. ‘काकांनी सही केली आणि इस्टेटीसाठी वर्षभर डांबलं’ हा लाडका ट्रॅक यात बसत नाही. काकांना आता जास्त मेहनत घ्यावी लागेल. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही प्रादेशिक मनोरुग्णालयं नावाने सगळ्यांना माहीत असली तरी बहुतेक उपचार ओपीडीतच होतात: प्लास्टिकच्या खुर्च्या, फुगलेली फाइल, टोकन नंबर. सेटही स्वस्तात होतो.

देवऋषीकडे जाणाऱ्या घराला मूर्ख ठरवू नका. घरं दोन्हीकडे जातात, एकाच आठवड्यात. अंगारा आणि उतारा वेगळा; भूत काढायच्या नावाखाली मारहाण आणि मिरचीची धुरी वेगळी. ते महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा ट्रॅक चॅनेल मागेलच. आजार लपवून केलेलं लग्न कोर्टात जाऊ शकतं, तेव्हा फसवलेल्या सुनेला फक्त त्यागमूर्ती करू नका, वकीलही द्या.

शब्दांबद्दल: ‘वेडा’ शेजाऱ्याच्या तोंडी चालेल, प्रोमोत नाही. ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ कुठेच नाही. एकात दोन माणसं असणं हा निराळाच प्रकार. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. हे शब्द घराला बाराव्या आठवड्यात, पहिल्या सभेत ऐकू येऊ देत. निवेदनातून येऊ नयेत.

वनलाईन मानसोपचारतज्ज्ञाला, एका शुभार्थीला आणि एका शुभंकराला मानधन देऊन वाचायला द्या, आणि ते बँक (आगाऊ चित्रित केलेल्या भागांचा साठा) तयार व्हायच्या आधी. पंधरा भाग चित्रित झाल्यावर आलेली दुरुस्ती कोणी करत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भागाच्या शेवटी वाचता येईल इतका वेळ ठेवा. प्रीकॅपवर (उद्याच्या भागाच्या झलकेवर) चिकटवलेली पट्टी कोणी वाचत नाही.

कधीतरी चॅनेल पाच वर्षांचा लीप, म्हणजे कथेत काळाची उडी, मागेल. घ्या. फळीवर गोळ्यांचा तोच डबा, वेगळा रंग. निखिल चार तासांच्या कामावर जातो. मधे दोनदा आजार उलटून गेलाय, हे फाइलच्या जाडीवरून कळतं. ४० टक्क्यांच्या दिव्यांग प्रमाणपत्राची लॅमिनेट केलेली प्रत टीव्हीमागे खोचलेली. बाबा थकलेत. बहीण सासरहून आली आहे आणि जेवताना सगळे एका विषयाभोवती घुटमळतायत: आपल्यानंतर याचं कोण? पुढच्या शंभर भागांचा हुक हाच. तो निखिलच्याच तोंडी द्या.