सेकंडहँड ट्रकच्या मागच्या एक्सलचा रेशो कसा काढायचा

जुना ट्रक घेताना आपण इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो, चेसिसला कुठे वेल्डिंग झालंय का ते बघतो, आणि मागच्या एक्सलच्या हाउसिंगमधे (गिअरच्या डब्यात) कुठल्या रेशोची क्राऊन-पिनियन (शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रांची जोडी) बसलीये हे विचारायचं राहूनच जातं. विचारलं तरी सांगणारा कंपनीच्या कागदावरचा आकडा सांगतो. पण गाडी चार हातांतून फिरलेली असते, कुणी चढाच्या कामासाठी जोडी बदललेली असते, कुणी जुनी फुटली म्हणून मिळेल ती टाकलेली असते, कधी अख्खं हाउसिंगच दुसऱ्या गाडीचं असतं. त्यामुळे प्लेट वाचा, स्टिकर वाचा, पण रेशो पक्का करायचा तो चाकाचे फेरे मोजूनच.

रेशो म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ७ असतील तर ५.८६, म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे येणाऱ्या दांड्याला) ५.८६ फेरे मारावे लागतात. आकडा मोठा तितकी ओढ जास्त, पण त्याच आरपीएमला स्पीड कमी. टायरचा घेर ३.२ मीटर धरा आणि डायरेक्ट गिअरमधे (ज्यात शाफ्ट इंजिनइतकाच फिरतो) इंजिन २००० आरपीएमला चालवा, ५.८६ ला गाडी साधारण ६५ च्या स्पीडला असेल आणि ६.८३ ला ५६ लाच. रोज सपाट रस्त्यावर लांब पल्ला मारायचा असेल तर हा फरक तुम्ही प्रत्येक किलोमीटरला डिझेलमधे भरणार, आणि उलट घाटात भरलेली गाडी चढवायची असेल तर बारीक आकड्याचा एक्सल क्लच खाणार. म्हणून हे पैसे द्यायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

आधी सोपं ते. हाउसिंगवर चिखल-ऑइलचा थर असतो तो खरवडून पुसा, बऱ्याच एक्सलवर छोटी पत्र्याची पट्टी बोल्टखाली अडकवलेली असते किंवा प्लेट रिव्हेट केलेली असते, तिच्यावर रेशो तरी असतो किंवा दात तरी, ४१/११ असं काही दिसलं तर भागाकार करा, ३.७३. फोर्डच्या पिकअपच्या पट्टीवर आकड्यांच्या मधे एल असेल, म्हणजे ३एल७३, तर रेशो ३.७३ आणि आत लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल) आहे असं समजा, आणि त्यांच्या दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर एक्सल कोडही असतो. जीएमच्या जुन्या पिकअपमधे ग्लोव्ह बॉक्समधे कोडचा स्टिकर मिळतो, त्यात जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. हे सगळं फॅक्टरीतून काय निघालं ते सांगतं, आज आत काय आहे ते नाही.

आता खरं काम. गाडी रिकामी, जमीन सपाट आणि कडक. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि ते नीट ठोकून बसवा, कारण आता तुम्ही हँडब्रेक सोडणार आहात. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत हवा भरलेली हवी, नाहीतर मागच्या स्प्रिंग ब्रेकने चाक जाम राहील. मागचं एकच चाक जॅकने उचला, एक्सलखाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. गिअर न्यूट्रल, डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) असेल तर बंद.

टायरवर खडूने एक खूण, समोर चेसिसवर एक खूण. प्रोपेलर शाफ्टवर एक खूण आणि हाउसिंगच्या तोंडाशी एक. मोजायच्या आधी चाक ज्या दिशेला फिरवणार त्याच दिशेला थोडं ढकलून सगळा प्ले (दातांमधली ढिलाई) काढून घ्या आणि मगच खुणा करा, जुन्या एक्सलमधे हा प्ले भरपूर असतो आणि तो मोजणीत घुसला की आकडा चुकतो. मग एकजण चाक सावकाश फिरवेल आणि दुसरा शाफ्टचे फेरे मोजेल. एक चाक जमिनीवर असल्याने डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनचा एकच फेरा होतो, हे विसरलात तर उत्तर निम्मं येईल. म्हणून चाकाचे २० फेरे मारा आणि शाफ्टचे जितके होतील त्याला १० ने भागा. शाफ्ट ५८ फेरे आणि वर अर्ध्याहून थोडा जास्त फिरला तर ५.८६, ५५ आणि वर पाऊण होत आला तर ५.५७. लोक चाकाचे दोनच फेरे मारून पावपट अंदाजाने धरतात आणि तिथेच फसतात, २० मारले की पाव फेऱ्याची चूकसुद्धा काही बिघडवत नाही.

एक चाक उचलून ते फिरतच नसेल (ब्रेक सुटलेत, न्यूट्रल आहे, तरीही) तर आत लिमिटेड स्लिप आहे किंवा लॉक अडकलाय. अशा वेळी दोन्ही चाकं उचलायची, दोन्ही बरोबर फिरतील, आणि मग चाकाचे १० फेरे मारून शाफ्टचे फेरे १० ने भागायचे.

जॅक लावायची सोय नसेल किंवा मालक लावू देत नसेल तर दुसरी पद्धत मला फार आवडते. शाफ्टवर जाड पांढरी खूण करा, मोबाईल चेसिसला घट्ट बांधून कॅमेरा त्या खुणेकडे ठेवा, व्हिडिओ चालू करा आणि गाडी सरळ रेषेत चालण्याच्या स्पीडने पुढे घ्या, एकजण बाहेरून लांब उभा राहून चाकाचे १० फेरे मोजेल आणि सुरू-संपलं ओरडेल, आवाज व्हिडिओत येतोच. नंतर व्हिडिओ स्लो करून शाफ्टचे फेरे मोजा, १० ने भागा. गाडी हलताना कुणीही खाली जायचं नाही, म्हणून तर मोबाईल.

मागे दोन चालते (इंजिनच्या ताकदीने फिरणारे) एक्सल असलेल्या गाडीत सगळ्यात मागच्या एक्सलचं एक चाक उचला, दोन एक्सलमधला लॉक बंद ठेवा आणि दोन एक्सलच्या मधला छोटा शाफ्ट मोजा, गिअरबॉक्सकडून येणारा मोठा नाही, तो अर्धाच फिरेल. हब रिडक्शनच्या (चाकाच्या हबमधे आणखी गिअर असलेल्या) गाडीत फेरे मोजून एकूण रेशो येतो, हाउसिंगवर फक्त क्राऊन-पिनियनचा असू शकतो, त्यामुळे दोन आकडे वेगळे दिसले तर आधी हब बघा. टू-स्पीड (दोन रेशोचा) एक्सल असेल तर दोन्ही पोझिशनला मोजा.

चालवून काढायचं असेल तर डायरेक्ट गिअरमधे स्थिर स्पीडला आरपीएम गुणिले टायरचा घेर मीटरमधे गुणिले ०.०६, भागिले स्पीड. १८०० आरपीएम, ३.२ मीटर, ६० चा स्पीड, उत्तर ५.७६. स्पीड जीपीएसवरून घ्या, मीटरवरून नको, रेशो बदललेल्या गाडीत मीटर चुकीचंच दाखवत असतं. आता हे ५.७६ म्हणजे ४०/७ चं ५.७१ की ४१/७ चं ५.८६, हे या पद्धतीने सांगता येत नाही, ढोबळ अंदाजाला ठीक.

आणि हाउसिंग कुठल्या कामाने उघडलंच असेल तर क्राऊनच्या कडेवर कोरलेले दातांचे आकडे वाचा. क्राऊन आणि पिनियन दोघांवर सारखाच दिसणारा नंबर मात्र जोडीचा असतो, दातांचा नाही. आकडे दिसत नसतील तर क्राऊनच्या एका दाताला खूण करून सरळ मोजा, मग पिनियनचे मोजा, आणि पुढचा एक्सलही चालता असेल तर नवीन जोडी मागवायच्या आधी त्याचाही रेशो काढा, पुढचा-मागचा जुळत नसेल तर कडक रस्त्यावर फोर व्हील लावल्या लावल्या दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडायला लागतात.