साईडकारवाल्या बुलेटवर माणूस बसवताना मागचा शॉकअप कसा लावायचा

माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे, जुन्या यूसीई इंजिनची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात), डाव्या बाजूला साईडकार, म्हणजे माणूस बसायचा एकचाकी डबा. आईचे गुडघे गेलेत, टांग टाकून मागे बसणं तिला जमत नाही म्हणून हा सगळा खटाटोप. पहिल्यांदा तिला डब्यात बसवून कोल्हापूरहून पन्हाळ्याला निघणार होतो त्याच्या आदल्या दिवशी एका मेकॅनिकने "वजन वाढणार न्हवं, मागचं कडक करून देतो" म्हणत दोन्ही शॉकअप शेवटच्या, म्हणजे स्प्रिंग सगळ्यात जास्त दाबणाऱ्या, खाचेवर नेऊन ठेवले आणि मीही मान डोलावली. वाघबीळ येईपर्यंत हँडल सारखं डावीकडं ओढतंय, मी ढकलून ढकलून उजवीकडं आणतोय, डावा हात भरून आला आणि आई डब्यातून ओरडतेय, "अरे गटारीत घालतोस काय मला?"

मेकॅनिकचं तसं चुकलं नव्हतं, त्याने दोन चाकांचा हिशोब लावला. नुसत्या बुलेटला मागे माणूस बसला की एक-दोन खाचा वर, विषय संपला. तीन चाकांवर आधी एकच प्रश्न विचारायचा, माणूस बसणार कुठं? सीटवर की डब्यात? कारण दोन्हीचं उत्तर जवळपास उलटं आहे.

साईडकार लावताना बाईक मुद्दाम डब्यापासून लांब, म्हणजे आपल्याकडं उजवीकडं, एखाद-दोन अंश कललेली ठेवतात, याला लीन-आऊट म्हणतात. गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला ओढते, आणि आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात, डब्याचं चाकही डावीकडं खेचत असतं, त्यामुळं हा उजवा कल सगळं सांभाळून घेतो. आता मागच्या सीटवर कोणी बसलं की बाईकची पाठ खाली बसते, डब्याचं चाक आहे तिथंच, मग अख्खी गाडी अजून उजवीकडं कलते आणि उजवीकडं ओढायला लागते. इथं शॉकअप वर घ्यायचाच. पण माणूस डब्यात असेल तर डब्याची स्प्रिंग दबून गाडी डावीकडं झुकते, आणि तुम्ही बाईकची पाठ अजून उचललीत तर ती आणखी डावीकडं झुकणार. माझं तेच झालं होतं. अशा वेळी डब्याची स्वतःची स्प्रिंग ॲडजस्ट करायची, बाईकचा शॉकअप फार तर एक खाच वर.

आणखी एक गैरसमज. खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते असं सगळेच म्हणतात, मीही म्हणायचो. स्प्रिंग तीच राहते हो, फक्त तिला आधीच थोडं दाबून ठेवल्याने गाडी उंच उभी राहते. म्हणून "जरा मऊ वाटतंय" यावर जाऊ नका, टेप घ्या.

साईडकार असल्यावर मेन स्टँडवर घेणं विसरा. फ्रेमखाली लाकडी ठोकळा आणि कारचा जॅक लावून मागचं चाक हवेत उचला, बाकीच्या चाकांना विटा लावा. मागच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर पेनने एक खूण करा आणि अंतर मोजा. समजा ३३० मिमी आलं. मग गाडी खाली, तुम्ही बसा, मागचा माणूस बसवा, दोन-तीनदा दाबून सोडा आणि तिसऱ्या कुणाकडून तेच अंतर मोजून घ्या. या गाडीला मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली हलण्याचं एकूण अंतर, ८० मिमी, त्याचा साधारण तिसरा हिस्सा खाली बसला पाहिजे, म्हणजे २५ ते २८. आकडा ३०३-३०५ च्या आसपास आला तर छान. २९० आला तर खाच वाढवा. शेवटच्या खाचेवरही ३५ मिमीच्या वर बसत असेल तर स्प्रिंगा थकल्यात, नाहीतर वजनाला कमी पडतात, तिथं पाना चालवून काही होणार नाही.

खाचा पाच, दोन्ही बाजूंना सारख्याच ठेवायच्या. चाक हवेत असतानाच फिरवा, सोपं जातं. आधी कॉलरमधला, म्हणजे स्प्रिंगला टेकलेल्या खाचांच्या फिरत्या कड्यातला, चिखल जुन्या टूथब्रशने आणि डिझेलने काढा, नाहीतर हूक पाना (कॉलर फिरवायचा आकडेदार पाना) सटकतो आणि बोटांची सालपटं सायलेन्सरवर राहतात (गरम असेल तर अजूनच मजा). डावा शॉकअप ही खरी डोकेदुखी, बाईक आणि डब्याच्या मध्ये लांब पाना फिरतच नाही, मी शेवटी पान्याचा दांडा कापून वीतभर केला. फिरवताना स्प्रिंग दबताना दिसली की खाच वाढतेय.

मग कल तपासायचा, त्याला गवंड्याचा ओळंबा पुरतो. सपाट फरशीवर गाडी, हँडल सरळ, माणसं जागेवर. पुढच्या चाकाच्या उजव्या बाजूला ओळंबा सोडा, दोरी एक्सलच्या नटाला टेकणार नाही इतकी चाकापासून दूर. रिमच्या वरच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा. खालचं अंतर ८ मिमीने जास्त म्हणजे साधारण एक अंश उजवा कल. आधी एकट्याने बसून हा फरक लिहून ठेवा, मग माणूस बसवून तो परत तिथंच येईपर्यंत खाच बदला. मोजमापात ३-४ मिमी इकडं-तिकडं चालतं.

टायरची हवा मॅन्युअलमधल्या पिलियनच्या (मागच्या माणसासह) आकड्याला करा आणि चेनचा ढिलेपणा माणूस बसवूनच बघा, पाठ खाली गेली की तो बदलतो.

डबा रिकामा आणि मागे माणूस, हे मात्र मला स्वतःला आवडत नाही. डाव्या वळणावर डब्याचं चाक उचलतं आणि मागच्या माणसाचं वजन उंचावर, उजव्या बाजूला असल्याने ते अजून लवकर उचलतं. तसंच जायचं असेल तर डब्यात वीस-पंचवीस किलो वाळूची गोणी टाका, बांधून, घसरती नको. पहिली चक्कर मोकळ्या रस्त्यावर ४० च्या आत, हात न सोडता पकड फक्त ढिली करून बघा गाडी कुणीकडं जाते.

माझ्या कॉलरवर बायकोच्या नेलपेंटचे दोन ठिपके आहेत, लाल एकट्याचा, गुलाबी ती मागे बसते तेव्हाचा. आई डब्यात असली की लालच.